माहेरच्या पिसवा

सुरंगवाडी, ता. मालवण
५ नोव्हेंबर २००३

ती. आत्याच्या चरणी अक्षदाचा सा. न. वि. वि.

इथे सगळी खुशाल आहेत. दिवाळीचे पोहे झाले, फराळ संपला, आणि नितेशची होडी वारा पडल्यापासून रोज जाते आहे. दुकानातल्या फोनवरून तुझ्याशी बोलता आलं असतं. पण मी तोंड उघडायच्या आधीच रांगेतल्या बायकांची बोलणी थांबतात, आणि जे सांगायचं आहे ते रांगेत सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र. वाचलंस की चुलीत घाल.

आपल्या मांजरीला, सुकटीला पिसवा झाल्या आहेत.

गणपतीनंतर मी कट्ट्याला आले तेव्हा आमच्याकडे उंदीर जाळी कुरतडतात म्हणून तूच तिला पिशवीत घालून माझ्याबरोबर दिलीस. ते काम तिने चोख केलं. माळ्यावरच्या जाळ्याला तेव्हापासून एक दात लागलेला नाही. पण हल्ली ती सारखी खाजवत बसते. सासूबाईंच्या घोट्यांवर लाल पुळ्या उठल्या. आधी आम्ही डास म्हटलं, मग ढेकूण म्हटलं. परवा त्या तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्या पायावरून एक तपकिरी ठिपका उडाला तो थेट सुपात. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि सुकटीकडे बघितलं.

तेवढ्यात शेजारच्या रुक्मिणीकाकी आल्या. सासूबाईंनी माझ्यादेखत त्यांना सांगितलं, "सुनेन म्हायेराकडसून काय हाडल्यान तर पिसवा." दोघी हसल्या. मीही हसले. पण त्यानंतरचं जेवण मला गोड लागलं नाही. सहा महिन्यांत मी या घरात एवढी एकच गोष्ट माझी म्हणून आणली, ती ही.

खरी काळजी पुढे आहे. संजनावन्सं पहिल्या बाळंतपणाला संक्रांतीनंतर इथे येणार. घरात पिसवा असताना तान्हं मूल कसं ठेवायचं? आणि त्याआधी गावपळण आहे. तुमच्या कट्ट्याला ती प्रथा नाही. इथे काही वर्षांनी एकदा देवाने कौल दिला की मार्गशीर्षात सगळा गाव घरं बंद करून शिवेपलीकडे जातो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, कोणी म्हणून मागे राहत नाही. तीन दिवस झोपड्यांत काढायचे आणि पुन्हा कौल घेऊन परतायचं. सासूबाई म्हणतात, गावपळणीत गावातली सगळी पीडा जाते, पिसवाही जातील. फक्त सुकटीला जाताना न्यायचं आणि येताना तिथेच सोडायचं.

नितेशने बाजारातून पिसवांची पावडर आणली आहे. डब्यावर कुत्र्याचं चित्र आहे. रुक्मिणीकाकी म्हणतात, रॉकेल चोळ. मी दोन्हीला हात लावलेला नाही, कारण सुकटी दिवसभर अंग चाटते. काय करू ते लवकर कळव. तू मला ओटीवर बसवून पाटीवर अक्षरं शिकवलीस तेव्हा चुकलेलं पुसून टाकायला सांगायचीस. हे कसं पुसायचं तेही सांग.

तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
अक्षदा

*

कट्टा
१२ नोव्हेंबर २००३

चि. सौ. अक्षदा हिस काशीआत्याचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. चुलीत घातलेलं नाही, कारण तुझं अक्षर बिघडलं आहे की नाही हे पुन्हा बघायचं होतं. बिघडलेलं नाही. म्हणजे घाबरली आहेस, पण बेताची.

मी काल गुरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टरांनी विचारलं, गाय की म्हैस? मी म्हटलं, भाचीचं मांजर. त्यांना आधी कळलं नाही, मग त्यांनी नीट सांगितलं. पावडर आणि रॉकेल दोन्ही लावलं नाहीस हे फार बरं केलंस. कुत्र्याचं औषध मांजराला विष होतं, काही वेळा जिवावर बेततं. रॉकेल, फिनेल, कापूर यांतलं काही तिच्या अंगाला लागता कामा नये. तो डबा नितेशला परत करायला सांग, नाहीतर रुक्मिणीकाकी तुझ्या पाठीमागे उपकार करून ठेवतील.

उवांची बारीक दातांची फणी घे. तिला मांडीवर घे आणि मानेपासून शेपटीकडे विंचर. शेजारी साबणाचं पाणी ठेव. फणीत जे येईल ते लगेच त्यात बुडव. नखावर मारत बसू नकोस, पिसू तुझ्यापेक्षा चपळ आहे. केसांत काळी पूड दिसली तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाक. तांबडी पसरली तर ती माती नव्हे, पिसवांची घाण आहे. त्यांनी प्यालेलं रक्तच ते.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर म्हणाले, मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचं सगळं बिऱ्हाड घरात असतं. अंडी गळून पडतात, भेगांत, गोधड्यांत, पेटाऱ्यामागे, जिथे ती निजते तिथे. म्हणून घर रोज कोपऱ्यापासून झाड, केर घरात ठेवू नकोस, अंथरुणं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाक. आणि पिसू दिसेनाशी झाली की थांबू नकोस. तू लहानपणी ताप उतरला की औषध ओतून टाकायचीस, तसलं इथे चालणार नाही.

सासूबाईंच्या बोलण्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी सासरी गेले तेव्हा माझ्याबरोबर घोरणं गेलं होतं. त्याला तर फणीही नाही.

घरच्यांना नमस्कार. पत्राची वाट बघते.

तुझी,
काशीआत्या

*

सुरंगवाडी
२४ नोव्हेंबर २००३

ती. आत्यास अक्षदाचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं चालू आहे. पहिल्या दिवशी सुकटीने माझ्या दोन्ही हातांवर रांगोळी काढली. आता ती मांडीवर आडवी पडते आणि हनुवटी वर करते. साबणाच्या पाण्यात ठिपके तरंगताना बघून मला आधी शिसारी आली, मग पाप लागेल असं वाटलं, आणि आता एखादी सुटली तर चैन पडत नाही. सासूबाई ओटीवर माशाला मीठ लावता लावता बघतात. काल म्हणाल्या की, त्यांच्या लग्नानंतर त्यांचे केस एवढ्या प्रेमाने कोणी विंचरले नव्हते. टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घर रोज झाडते, भेगा शेणामातीने लिंपून घेतल्या. नितेश म्हणतो, मी एवढी वाकून फिरते की होडीत बसलेल्याला दारातून माझी पाठच दिसते. तरी कमी झाल्या, संपल्या नाहीत. कुठून येतात ते कळेना. काल कळलं.

माळ्यावर जाळ्याच्या मागे पाळणा उलटा ठेवलेला आहे. नितेश आणि संजनावन्सं त्याच पाळण्यात वाढले. त्याच्या खाली गाठोडं होतं. सासूबाईंनी पावसाळाभर शिवलेली दुपटी त्यात आहेत. त्यांच्या आईच्या दोन जुन्या लुगड्यांची, इतकी मऊ की हातात पाणी धरल्यासारखी वाटतात. सुकटी त्याच्यावरच निजत होती. मी गाठ सोडली तर आत तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं आणि काळी पूड. फडक्यावर टाकून बघितली. तांबडी झाली.

मी गाठोडं होतं तसं बांधून ठेवलं. सांगितलेलं नाही. ती लुगडी पक्क्या रंगाची नाहीत, उकळत्या पाण्यात घातली तर लाल उतरणार. सांगितलं तर सुकटीचं काही खरं नाही, न सांगावं तर त्या बाळाला त्याच दुपट्यांत गुंडाळतील. हे न सांगणं मला जमणार नाही, पण सांगायला तोंडही उघडत नाही.

आणखी एक विचारते, रागावू नकोस. पिसवा खरंच आपल्याकडूनच आल्या का? इथे माळ्यावर आधीपासून असतील अशी मी मनाची समजूत घालत होते. खरं काय ते मला हवं आहे.

गावपळण पुढच्या आठवड्यात आहे. आमचं घर रिकामं केलं असं देवाला सांगायचं आणि आत एवढे जीव तसेच ठेवून जायचं, हे चालतं का गो? कोणाला विचारलं तर हसतील, म्हणून तुलाच विचारते.

तुझ्या उत्तराकडे डोळे लागलेली,
अक्षदा

*

कट्टा
२९ नोव्हेंबर २००३

चि. सौ. अक्षदास अ. उ. आ.

हे पत्र आणि बरोबरचं पुडकं मालवणच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. पोस्टाने गावपळणीआधी पोचणार नाही. पुडक्यात मांजरासाठीचंच औषध आहे, डॉक्टरांनी सुकटीचं वय आणि अंदाजाने वजन विचारून कोल्हापूरहून मागवलं. तिच्या मानेच्या मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर थेंब सोड. मग जी पिसू तिच्यावर बसेल ती मरेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सुकटी गेल्यापासून मला इथे घोट्याला चावतं आहे. मी ढेकूण समजून खाटेला दोनदा ऊन दाखवलं. दवाखान्यात पाय खाजवताना डॉक्टरांनी पकडलं. मांजर होतं तोवर सगळ्या तिच्यावर जात होत्या. ती गेली आणि त्यांनी मला शोधलं. तेव्हा आपल्याकडच्या त्या होत्याच, बाई. पण हे तू सासूबाईंना सांगू नकोस. सासूच्या हातात एक काठी असतेच, दुसरी आपण आणून का द्यायची? दुपट्यांचं मात्र आजच्या आज सांग. त्यात तान्ह्याचा प्रश्न आहे.

आता नीट वाच. मी डॉक्टरांना तुमच्या गावपळणीचं सांगितलं. ते म्हणाले, तीन दिवसांत पिसवा उपाशी मरत नाहीत. कोशात गप्प पडून राहतात. घर बंद राहिलं की आत वाट बघतात, आणि माणसाच्या पावलाने जमीन हलली की एकदम उठतात. तेव्हा परतल्यावर आधी सुकटीला आत सोडा, औषध लावलेली. ती घरभर फिरू दे. मग तुम्ही झाडू घेऊन जा. तिला शिवेवर सोडून आलात तर त्यांना तुमचेच पाय मिळतील.

देवाचं म्हणशील तर, गाव रिकामा करायला त्याने सांगितलं आहे, झटकायला नव्हे. झटकायचं काम तुझं.

जपून राहा. मला कळवायचं विसरू नकोस, नाहीतर मी खाजवत बसायचं की काळजी करत बसायचं तेच मला कळणार नाही.

तुझी,
काशीआत्या

*

सुरंगवाडी
११ डिसेंबर २००३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू सांगू नकोस म्हणालीस ते मी सांगितलं. सगळं क्रमाने लिहिते.

दुपट्यांचं मी पत्र मिळाल्या दिवशीच सांगितलं. सासूबाई माळ्यावर चढल्या, गाठोडं घेऊन उतरल्या आणि ते स्वतःजवळ ठेवलं. गावपळणीला निघताना तेच गाठोडं त्यांच्या डोक्यावर होतं आणि सुकटी माझ्या हातात, माशांच्या टोपलीत, वर जाळ्याचा तुकडा बांधून. औषध आदल्या दिवशी लावलं होतं.

शिवेपलीकडे माळावर सगळा गाव झावळांच्या झोपड्या घालून बसला होता. आत्या, तू बघायला हवं होतंस. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही त्यांच्या चुली पाठीला पाठ लावून पेटलेल्या. मुलांना शाळा नाही, पुरुषांना होडी नाही. बायका फुगड्या घालत होत्या. सासूबाईंनी तिथे मोठं भांडं चढवलं आणि दुपटी उकळत टाकली. मी होते बाजूला. लाल सुटलं, सगळ्या पाण्यात पसरलं. त्या ढवळत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी एक दुपटं काठीवर उचललं, सगळं गुलाबी झालेलं. बघून म्हणाल्या की पोराला काय रंग कळतो.

त्या तेवढं म्हणाल्या म्हणून मला धीर आला, नाहीतर त्या उकळत्या भांड्यापुढे मी गप्पच राहिले असते. मी सांगितलं की पिसवा माझ्या माहेरच्याच आहेत, आत्यालाही तिथे चावतात. आणि तुझं पत्र काढून डॉक्टरांचं सगळं वाचून दाखवलं, सुकटीला आधी घरात सोडायचं तेसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग हसल्या. "पिसू काय दाराक कान लावन बसता?" आजूबाजूच्या बायकांनाही ते ऐकू गेलं आणि त्याही हसल्या. गावपळणीवर कट्ट्याच्या डॉक्टरने बोलावं याचा त्यांना राग आला होता, हे मला नंतर कळलं. माझ्या माहेरचं म्हटल्यावर तर त्यांचं ठरूनच गेलं. परतायचा कौल मिळाला तेव्हा त्यांनी नितेशला टोपली झोपडीपाशीच उघडायला सांगितली. नितेश माझ्याकडे बघत राहिला. खरं बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि त्यापुढे काय म्हणायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. सुकटी टोपलीतून उतरली आणि आमच्यामागे थोडं चालत आली. मग चुलीजवळ पडलेल्या माशांच्या काट्यांकडे वळली. मी वळून बघितलं नाही.

इथे परतल्यावर घरातली थोरली बाई आधी दिवा घेऊन आत जाते. सासूबाई गेल्या. आम्ही दारापुढच्या खळ्यात उभे होतो. त्या माजघरापर्यंत पोचल्या असतील. मग त्या हळूहळू उलट्या पावली दारात आल्या, दिवा तसाच हातात, आणि दुसऱ्या हाताने लुगडं घोट्यांच्या वर धरलेलं. आत्या, त्यांच्या पायांवर कोणी काळी मोहरी उधळली होती असं वाटत होतं.

मी पुढे झाले तर म्हणाल्या, "गो, भायरच रव." दिवा नितेशच्या हाती दिला. विहिरीवर जाऊन पाय धुतले. मग रुक्मिणीकाकींकडून एक भाजलेला बांगडा मागून घेतला आणि निघाल्या. नितेश म्हणाला, मी जातो. त्याला म्हणाल्या, "मिया सोडूक सांगलंय, मियाच हाडतंय."

सगळा गाव शिवेकडून घराकडे येत होता आणि त्या एकट्या उलट्या चालल्या होत्या. रुक्मिणीकाकींच्या जावेला त्या वाटेत भेटल्या. तिने विचारलं काय विसरलं, तर म्हणाल्या, "घरातला एक माणूस रवला."

आम्ही खळ्यात बसून राहिलो. मला सारखं वाटत होतं की सुकटी आता तिथे नसेल, कुत्र्यांनी ओढली असेल, आणि त्या रिकाम्या हाताने आल्या तर मी त्यांच्याकडे कसं बघू. ऊन माडांच्या खाली उतरलं तेव्हा त्या आल्या. सुकटी पदरात. बांगडा संपलेला, हातावर ओरखडे. त्यांनी तिला उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना अडवून दारात बसल्या.

ती रात्र आम्ही खळ्यातच निजलो. दुसऱ्या दिवशी मी आणि त्या, दोघींनी मिळून घर झाडलं. त्या पूर्वेकडून, मी पश्चिमेकडून.

तुझी,
अक्षदा

ता. क. पिसवा तुझ्याकडच्या हे मी सांगितलं, त्याबद्दल तू रागावली असशील तर तसं स्पष्ट लिही. गप्प राहू नकोस.

*

सुरंगवाडी
२१ डिसेंबर २००३

विहीणबाई काशीबाई यांस यशोदाचा नमस्कार.

मला लिहिता येतं, पण चष्मा नितेशने होडीत नेला आहे, म्हणून मी सांगते आणि सून लिहिते. तिला सांगितलं आहे की मी जे बोलेन ते सगळं लिहायचं, तिच्याबद्दलचं असलं तरी. आता ती मान खाली घालून लिहिते आहे.

तुमच्या डॉक्टरांचं खरं झालं. मी त्या वेळी हसले. माझ्या सासूबाई सांगायच्या की गावपळणीत सगळं जातं. माणसाचं जात असेल, पिसवांना कोणी कौल लावलेला नसतो.

घर आता बरंच निवलं आहे. मांजर माळ्यापासून न्हाणीपर्यंत फिरतं, कुठेही निजतं, आणि तुमची भाची रोज तिला विंचरते. शिवाय ती नितेशचे शाळेतले पांढरे मोजे घालून एकेका खोलीत उभी राहते आणि मग मोज्यांकडे बघते. काळं दिसलं की पुन्हा झाडते. मी तिला सांगितलं की आता कोणी नाही, बस कर. ती म्हणते डॉक्टरांनी थांबू नका सांगितलं आहे. या मुलीला कोणी सांगितलेलं अर्धं सोडता येत नाही, हा तिचा दोष आहे. हे तिने गाळू नये म्हणून मी तिच्या खांद्यावरून बघते आहे. चष्मा नसला तरी ओळी मोजता येतात.

मी तिला पिसवांवरून बोलले. त्या तुमच्याकडच्याच हे तिने स्वतः येऊन सांगितलं. तिला कोणी विचारलंही नव्हतं. माझी संजना असती तर तिने सांगितलं नसतं. मीही सांगितलं नसतं.

आता तुमचं. तुम्हाला तिथे अजून चावत असेल. घरात मांजर नाही म्हणून चावतं, असं तुमच्याच पत्रात होतं. दुसरं मांजर आणून होईल तोवर पौष सरेल. तेव्हा मी असं ठरवलं आहे. औषध पुन्हा लावायची वेळ जवळ आली आहे, ते लावून अक्षदा सुकटीला घेऊन तुमच्याकडे येईल. लग्नानंतर तिला निवांत माहेरपण झालेलं नाही. तुमचं घर ती झाडील, गोधड्या उकळील, तुम्ही तिला नको म्हणालात तरी ऐकणार नाही. मांजर काय करायचं ते करील.

मी उसनं देते आहे, देऊन टाकत नाही. इथे जाळी आहेत, संजना संक्रांतीनंतर येते आहे, आणि दुपटी धुऊन घडी घालायची राहिली आहेत. एवढ्या गुलाबी दुपट्यांचं काय सांगायचं संजनाला, ते अक्षदानेच ठरवायचं आहे, मला खोटं बोलायला लावू नये. संक्रांतीच्या आधी दोघींना परत पाठवावं. एकटी आली तर मी दार उघडणार नाही.

पायांना खोबरेल लावत जा. आमच्याकडे आलात तर ओटीवर सावलीत बसवीन, घोरलात तरी चालेल, अक्षदाने तेही सांगितलं आहे.

आपली,
यशोदा

(लिहिणार अक्षदा. "दोघींना परत पाठवावं" हे वाक्य सासूबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचून होताच त्या उठून माशांना मीठ लावायला गेल्या. मी बुधवारच्या गाडीने येते आहे. फणी मी आणते, तू साबणाचं पाणी तयार ठेव.)